वाळूतला म्हणून नोंदवलेला मासा

९ जानेवारी

मुंगे,

पत्र तुझ्या संग्रहालयाच्या पत्त्यावर टाकते आहे, घरच्या नाही. घरी टाकलं की तुझा बाप ते आधी फोडतो, उभ्या उभ्या वाचतो आणि संध्याकाळी तुला सांगतो, "आत्याचं पत्र होतं, विशेष काही नाही." फोनचीही तीच गत. तू बोलतेस आणि तो शेजारी बसून खुणा करतो. मला इथून दिसत नाहीत म्हणून काय झालं, साठ वर्षं ओळखते मी त्याला.

पाय उत्तम आहे. हे पहिल्यांदा लिहून टाकते, म्हणजे तुझा पहिला प्रश्न वाचला. गेल्या वर्षी बंदराच्या भिंतीच्या पायऱ्यांवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, त्यात डॉक्टरांनी सळी घातली, ती सळी अजून आत आहे आणि तिची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती धाकट्याची, म्हणजे तुझ्या बापाची. त्यानं दवाखान्यात माझ्या उशाशी उभं राहून सांगितलंय, "ताई, पुन्हा त्या पायऱ्यांवर पाय ठेवलास तर शिलाई मशीन ट्रकमध्ये चढवीन आणि तुला घेऊन जाईन." चाळीस वर्षं लिफ्ट तपासल्या ना त्यानं. जगात कुठून कोण पडेल एवढंच त्याला दिसतं. तुमच्याकडची मागची खोली चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण चौथ्या मजल्यावर मी काय करू? इथे माझं दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, दार उघडलं की समोर पाणी आहे. माझा जीव इथे लागलाय. तेव्हा मी त्या पायऱ्यांकडे बघतसुद्धा नाही.

आता कामाचं. घरासमोरच्या वाळूत, अगदी सपाट जागी, ओहोटीनंतर राहिलेल्या पाण्यात मला एक मासा दिसतो. लांबी दीड इंच आणि वर दोन सूत. डोकं रुंद, चपटं, शेपटीकडे एकदम निमुळता, बुटक्या चमच्यासारखा. रंग तपकिरी, त्यावर फिकट ठिपके, कापड ब्लीचच्या थेंबांनी खराब व्हावं तसे. इथे कोणाला विचारलं तर म्हणतात, तो कोण खातो, त्याला कशाला नाव. नाव नाही म्हणजे काय? माझ्या दुकानातल्या प्रत्येक गुंडीला नाव आहे.

ब्राऊन पेपरवर पॅटर्न काढून पाठवते आहे. मापात आहे.

तुझी आत्या


१६ जानेवारी

आत्या,

तुझा पॅटर्न मिळाला. आमच्या विभागात चार जणांनी तो पालथा-उताणा करून पाहिला. मग माझ्या लक्षात आलं की तू अर्धाच मासा काढलायस आणि कडेला लिहिलंयस, "घडीवर कापणे." आत्या, माशाला ब्लाउजसारखा घडीवर कापत नाहीत. आमच्या बाई, म्हणजे मत्स्यविभागाच्या प्रमुख, गेल्या सहा वर्षांत दोनदा हसल्या आहेत. दुसऱ्यांदा काल.

चित्र मात्र सुरेख आहे. ठिपकासुद्धा सुताएवढा चुकला नसणार. पण तू मासा फक्त वरून काढलास. पोटाची बाजू कुठे आहे?

आता माझा अंदाज. वाळू, सपाट डोकं, वर बसवलेले डोळे, ठिपके, अंगाला खवले नाहीत (तू काढले नाहीस म्हणून मी नाहीत असं धरते). वाळूत अंग पुरून फक्त डोळे बाहेर ठेवणारा एक छोटा मासा आहे, त्याच्याशी हे जुळतं. गंमत म्हणजे तो तुमच्या किनाऱ्यावर आजवर कोणी नोंदवलेला नाही. पण हे सगळं उंटावरून शेळ्या हाकणं झालं. मला मासा हवा. मेलेला, स्पिरिटमध्ये बुडवलेला, आणि सोबत चिठ्ठी: तारीख, पाण्याची खोली, तळ कसला. पाठीवरच्या पंखातल्या काड्या मोजता येतील का? तुझ्या रफूच्या भिंगाखाली धर. तू धागे मोजतेस तशा.

बाबांना काही सांगितलेलं नाही. ते परवा जेवताना म्हणाले, "ताईचं हल्ली काही कळत नाही, शहाण्यासारखी वागते आहे." मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

पायाचं विचारत नाही. सळीला नमस्कार.

मुंगी


२७ जानेवारी

मुंगे,

सोबत मासा. खोकं हलवू नकोस, बरणी काचेची आहे.

स्पिरिटचं ऐक. औषधाच्या दुकानात गेले, म्हटलं, अर्धा लिटर द्या. तो म्हणाला, आजी, एवढं कशाला? म्हटलं, मासा बुडवायचाय. त्यानं हातातली बाटली परत फळीवर ठेवली आणि म्हणाला, घरी कोणी असतं का तुमच्याबरोबर? तिथून आले ती सरळ घरी. फडताळात व्हिनेगर होतं. भाज्या वर्ष वर्ष टिकतात त्यात, दीड इंचाचा मासा आठ दिवस टिकणार नाही?

पाठीवर नऊ काड्या आहेत. तीनदा मोजल्या. पंख एकच, तोही पार मागे, शेपटीजवळ. खवले नाहीत, अंग गुळगुळीत, मांजरपाटाला खळ लावल्यासारखं.

पोटाची बाजू काढली नाही कारण पॅटर्नमध्ये अस्तर कोणी दाखवत नाही. अस्तर असतं एवढं गृहीत धरायचं. चाळीस वर्षं कपडे शिवले, एकाही बाईनं विचारलं नाही की अस्तर कुठे काढलंय.

चिठ्ठी लिहिली आहे: २५ जानेवारी, पाणी घोट्याएवढं, तळ वाळू. घोट्याएवढं म्हणजे माझ्या घोट्याएवढं, इंचाचा हिशेब तू कर.

धाकट्याला सांग, मी शहाण्यासारखी वागत नाहीये, मी शहाणीच आहे. फरक त्याला कळणार नाही, तरी सांग.

आत्या


५ फेब्रुवारी

आत्या,

तू माशाचं लोणचं घातलंस.

बरणी उघडली तेव्हा आमचा शिपाई म्हणाला, मोहरी राहिली. मासा पांढराफटक झालाय, अंगाचा धनुष्यासारखा बाक झालाय, पोट आक्रसून आत गेलंय, पंख गळून लिबलिबीत. मी त्याला सरळ करायला गेले तर शेपटी हातात आली. या सबंध इमारतीत अडीच हजार बाटल्या आहेत आणि त्यांत व्हिनेगरची एकच.

तरी काम झालं. तुझ्या नऊ काड्या मागच्या पंखाशी जुळतात. वाळूतल्या त्या माशाला पुढे आणखी एक इवलासा पंख असतो. तो तुझ्या माशाला नाही, पण तुझ्या व्हिनेगरनं काय काय खाल्लं ते देव जाणे, तोही गेला असेल. जागा मात्र चोख बसते. सपाट वाळू, घोट्याएवढं पाणी. मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी नोंदवहीत माझ्या हातानं लिहायला लावलं: अमुक जातीचा मासा, या किनाऱ्यावर प्रथमच, तळ वाळू. शोधणारी: शिवणकाम करणाऱ्या बाई. आमची किनाऱ्यावरच्या लहान माशांची पुस्तिका चैत्र संपता संपता छापायला जाते. त्यात तुझा मासा नवा म्हणून जाईल. पहिल्या पानावर, चौकटीत.

आत्या, मी सहा वर्षं या खोलीत लोकांच्या चुका निस्तरते आहे. माझ्या हातची ही पहिली नवी नोंद. ती तुझ्यामुळे झाली याचा मला इतका आनंद झालाय की काल घरी जाताना दोन थांबे पुढे गेले.

बाईंना अजून एक मासा हवाय. नीट स्पिरिटमधला, सरळ, पोट शाबूत. स्पिरिटची बाटली सोबत पाठवते आहे, म्हणजे औषधवाल्याला तुझी काळजी नको.

मुंगी


२० फेब्रुवारी

मुंगे,

बाटली पोचली. मासा घातलाय. ओला चिंध्यांचा बोळा करून, वर जे हाताला लागलं ते शेवाळ भरून खोकं बांधलं आहे, आता हलणार नाही.

उशीर झाला कारण समुद्र खवळलेला होता. म्हणजे वाळूवर सुद्धा. वाळूवरही लाटा येतातच.

चिठ्ठी मागच्यासारखीच. तळ वाळू.

चौकटीत घालायची एवढी काय गरज? पुस्तिकेत आत कुठेतरी दोन ओळी असल्या तरी मला चालेल. लोक उगाच मासा बघायला येतील आणि वाळूत पाय घालत बसतील.

दुकानात घाई आहे. लग्नाचे चार कोट उसवून सैल करायचेत. माणसं वर्षभर खातात आणि आठ दिवस आधी माझ्याकडे येतात.

आत्या


२८ फेब्रुवारी

आत्या,

चार ओळींचं पत्र, त्यात "वाळू" तीन-चारदा. आणि चौकट नको म्हणे. माझ्या आयुष्यात मी तुला कौतुक नाकारताना पाहिलेलं नाही. मी तेव्हाच समजायला हवं होतं.

आता नीट बस आणि वाच.

मासा सरळ आला, धडधाकट आला. मी त्याला उलटा केला आणि पाहिलं तर पोटाला अस्तर होतं. गोल, मांसल, कडेला झालर असलेली चकती, त्याच्या डोक्याएवढी रुंद. ही चकती खडकाला चिकटण्यासाठी असते. लाट आदळली, पाणी ओढलं, तरी हा मासा दगड सोडत नाही. वाळूत राहणाऱ्याला ती काय कामाची? वाळूला चिकटून कोणी कुठे राहिलंय?

मग मी त्याचं पोट उघडलं. आत टोपीच्या आकाराच्या शिंपल्यांचे तुकडे निघाले. त्या शिंपल्या फक्त खडकावर असतात. वाळूत एक सापडली तर मी ही नोकरी सोडीन.

मग तुझं "हाताला लागलं ते शेवाळ" मी वनस्पती विभागात नेलं. तिथल्या बाईंनी लांबूनच ओळखलं. म्हणाल्या, हे अगदी खालच्या रेघेवर वाढतं, महिन्यातल्या मोठ्या ओहोटीलाच उघडं पडतं, आणि तेही भिंत किंवा कातळ असेल तिथेच. तुमच्या गावात घरासमोर वाळू आहे. कातळ एकाच जागी आहे, बंदराच्या भिंतीखाली. तिथे जायला रस्ता एकच आहे.

पायऱ्या किती आहेत, आत्या? मला वाटतं सव्वीस. त्यातल्या कितव्या पायरीवर तू गेल्या वर्षी पडलीस?

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोणी विचारलं नव्हतं, तूच मासा पाठवलास.

मी थट्टा करते आहे, पण मला राग आलाय, तोही ऐक. तू माझ्याशी खोटं बोललीस याचा थोडा. तू पुन्हा पडली असतीस तर ओहोटी संपून पाणी वर येईपर्यंत तिथे कोणी फिरकलं नसतं, याचा जास्त. परवापासून मी तीच गोष्ट डोळ्यांसमोर आणते आहे. बाबांना दिसतं तसं मलाही दिसायला लागलंय.

आता काय करायचं ते मी ठरवलंय. काही करायचं नाही. मासा वाळूतला म्हणून नोंदलाय, तसाच राहू दे. दुसरी बाटली मी मागच्या फळीवर ठेवते, बाईंना सांगते फुटली. पुस्तिकेत खरी जागा छापली तर ती बाबांच्या हातात पडणारच. ते माझं छापलेलं प्रत्येक अक्षर पेन्सिल घेऊन वाचतात. आणि तळाच्या रकान्यात "बंदराच्या भिंतीखालचा कातळ" वाचलं की ते त्याच दिवशी ट्रक ठरवतील. तुझं घर जाण्यापेक्षा एका माशाचं घर चुकलेलं बरं.

तू फक्त खाली जाणं बंद कर. एवढं माझं ऐक.

मुंगी


६ मार्च

मुंगे,

सत्तावीस आहेत. तू लहान होतीस तेव्हा सव्वीस होत्या. खालची एक वाळूत पुरलेली होती, ती आता उघडी पडली आहे. पडले ती एकोणिसावी.

तुझं पत्र मशीनवर बसून वाचलं. हसले, मग रडले, मग गिऱ्हाईक आलं म्हणून दोन्ही थांबवलं.

खरं सांगते. ऑक्टोबरपासून जाते आहे. महिन्यातून दोनदा, पाणी खूप खाली जातं तेव्हा. उभी राहून उतरत नाही. पाठीमागे हात टेकून, बसून उतरते, एकेक पायरी, लहान मूल जिना उतरतं तशी. वर येताना गुडघ्यांवर. पाऊण तास लागतो. दिसायला फार वाईट दिसतं, म्हणून कोणी नसताना जाते.

का जाते ते विचारलं नाहीस, तरी सांगते. हाड मोडल्यापासून जो भेटतो तो पायाचं विचारतो. गिऱ्हाईक बाह्यांचं माप द्यायला येतं आणि पायाचं विचारतं. धाकटा रोज विचारतो. तूही विचारतेस, विचारत नाही असं लिहून विचारतेस. मी बाई आहे का पाय आहे हेच मला कळेनासं झालं होतं. खाली गेले, दगडाखाली हा चिकटलेला दिसला, आणि पहिल्यांदा मला काहीतरी विचारावंसं वाटलं, तू कोण रे? मग तुला पत्र लिहिलं. तू उत्तरात काड्या मोजायला सांगितल्यास. वर्षभरात मला कोणी काम सांगितलं नव्हतं, मुंगे. जपून राहा एवढंच सांगत होते.

वाळू लिहिली ती भीतीनं. वाटलं, मासा तोच, जागा दहा पावलं इकडची तिकडची, त्यानं काय बिघडतं? मला ठाऊक नव्हतं की जागेवरून तू नाव ठरवणार आहेस. तू त्याचा नसलेला पंख माझ्या व्हिनेगरच्या माथी मारलास, कारण आत्या खोटं बोलणार नाही हे तू धरून चाललीस. ते वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही.

तेव्हा आता माझं ऐक. नोंद बदल. आजच्या आज. मी रफू करते. भोक राहिलं तर चालतं, गिऱ्हाइकाला भोक दाखवता येतं. पण चुकीच्या धाग्यानं बुजवलेलं भोक मी कधी दुकानाबाहेर जाऊ दिलेलं नाही. आणि तू बाटली मागच्या फळीवर ठेवणार? फुटली म्हणून सांगणार? हे तू माझ्यावरून शिकलीस असं मला म्हणवून घ्यायचं नाहीये. नवा मासा जातो तर जाऊ दे. चौकट जाते तर जाऊ दे.

आणि धाकट्याला पुस्तिकेतून कळायला नको. मीच त्याला लिहिलंय. हे पत्र आणि ते पत्र एकाच वेळी पेटीत टाकते आहे. त्याला सगळं लिहिलं, ऑक्टोबरपासूनचं. शेवटी लिहिलं, तुला न्यायला यायचं असेल तर ये, मी दार लावून बसणार नाही.

तसं लिहिलं खरं, पण कालपासून दुकानातल्या वस्तूंकडे बघते आहे. मशीन, कापायचं टेबल, भिंतीवरची कात्री. चौथ्या मजल्यावर हे सगळं कुठे बसणार आहे? मला इथून जायचं नाही, मुंगे. तरी नोंद बदल.

आत्या


१० मार्च

आत्या,

घाईत लिहिते, हे तुझ्या हातात बाबांच्या आधी पडावं म्हणून. पडणार नाही बहुतेक.

बाबांना लिहिलेलं तुझं पत्र काल घरी आलं. बाबांनी वाचलं, घडी केली, चष्म्याच्या डबीत ठेवलं. आई म्हणाली, काय लिहिलंय? ते म्हणाले, विशेष काही नाही. आज सकाळी माळ्यावरून दोन मोठ्या बॅगा काढल्या, रिकाम्याच, आणि सातच्या गाडीनं निघाले. मी म्हटलं, मी येते. म्हणाले, "तू नोंदवह्या सांभाळ." म्हणजे माझंही त्यांना कळलंय.

नोंद बदलली. बाईंना सगळं सांगितलं, मागच्या फळीचंही. त्या चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "जागा स्वतः न बघता मासा ओळखलास. आता जुन्या नोंदीवर एक रेघ मार, खोडू नकोस. चूक वाचता आली पाहिजे." तुझा मासा नवा नाही, आत्या. खडकाला चिकटणारा, सगळीकडे सापडणारा, पुस्तिकेत अकराव्या पानावर आधीच असलेला. त्या पानावर एक गाव वाढलं, एवढंच.

बाबांना चहा दे. भांडू नकोस. आणि भांडलीस तर जिंक.

मुंगी


२२ मार्च

चि. मुंगीस,

पत्र लिहायची मला सवय नाही. आयुष्यभर तपासणीचे अहवाल लिहिले, तेव्हा हे तसंच वाटेल.

मी ताईला न्यायला आलो होतो. तिनं दार उघडलं, बॅगा बघितल्या, चहा केला. म्हणाली, मोठी ओहोटी दहा दिवसांनी आहे, तोवर नवे आलेले चार कोट पुरे करायचेत, मग काय ते बोलू. मी म्हटलं, बोलायचं काही नाही. ती म्हणाली, मग थांबायला काय हरकत आहे? अशी ती पहिल्यापासून आहे. मी दहा दिवस थांबलो. तिची कापडं इस्त्री केली. गिऱ्हाईक मला पायाचं विचारत होतं.

दहा दिवसांत मी पायऱ्या तपासल्या. सत्तावीस. एकोणिसावी खालून पोखरलेली आहे, पाय ठेवला की डुगडुगते. ताई पडली ती म्हातारी झाली म्हणून नव्हे. एवढं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, लेखी दे.

काल खाली गेलो. ती बसून उतरली. मी तिच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून, उलटा उतरलो, दोन्ही हात पसरून. ती म्हणाली, तू मध्ये उभा राहिलास तर मी पडले तरी तुझ्यावरच पडेन, आणि मग आपल्या दोघांना कोण उचलणार? हे बरोबर होतं. मी बाजूला झालो.

खाली गेल्यावर तिला पायाचं भान राहिलं नाही. इथे वाकली, तिथे वाकली. मला म्हणाली, हा दगड धर, सावकाश उचल. खाली तो मासा होता. एवढासा. दगडाला पिवळ्या अंड्यांचा थर चिकटलेला आणि हा त्यावर बसलेला. आम्ही दगड उचलला, ऊन पडलं, मी केवढा मोठा वर वाकलेलो, तरी तो हलला नाही. मी बोट लावलं, तरी नाही.

मी म्हटलं, ताई, याला काढून त्या खोल पाण्यात ठेवू, तिथे सुरक्षित राहील. तिनं माझा हात धरला. म्हणाली, तिथे तो दोन दिवस जगणार नाही. दगड होता तसा ठेव, तीच बाजू खाली, त्याच खड्ड्यात. मला तो नीट बसवता येईना. तिनं तीनदा करायला लावलं. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि मी नऊ. तेव्हा मला ती अशीच बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधायला लावायची. मग पाणी चढायला लागलं म्हणून आम्ही वर आलो. तिला वर यायला पाऊण तास लागला. मी घड्याळ लावलं होतं. त्या पाऊण तासात माझं काय झालं ते मी अहवालात लिहू शकत नाही.

रात्री जेवताना ती म्हणाली, बोल आता. दगड ठेवताना मला सगळं कळलं होतं आणि ते कबूल करायची मला लाज वाटत होती. मी तिला सुरक्षित जागी ठेवायला निघालो होतो. तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं असणार, कारण ती मला आणखी वाढत राहिली.

एकोणिसाव्या पायरीचं बंदराच्या कचेरीत लेखी दिलं आहे. कोळ्यांपैकी एक माणूस ओहोटीच्या दिवशी भिंतीवर बसायला तयार झाला आहे, ताईला न सांगता. तिला ते कळलंय. भीती मला वाटते ती वाटतच राहणार, त्याला औषध नाही. तुझ्या नोंदीतली रेघ मी आल्यावर बघेन.

उद्याच्या गाडीनं निघतो. उतरवून घ्यायला येऊ नकोस, दोन्ही बॅगा रिकाम्याच आहेत.

बाबा